वॅट बघून गिटारचा स्पीकर घेऊ नका

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गणपती जवळ आले की आपल्या पेपरात डॉल्बीच्या आवाजाबद्दल पत्रं येतात आणि ती यायलाच पाहिजेत, पण मी आज आवाजाच्याच दुसऱ्या एका गोष्टीबद्दल लिहितोय, ती म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या कॅबिनेटमधला, म्हणजे लाकडी बॉक्समधला स्पीकर. विषय छोटा वाटेल पण आपल्याकडं ह्याच्यावर पोरांचे आणि त्यांच्या आईबापांचे लई पैसे वाया चाललेत म्हणून लिहायला बसलो.

बेळगावात इलेक्ट्रिक गिटार वाजवणारे आता बरेच झालेत. कॅम्पातल्या चर्चमध्ये गिटार आधीपासून आहेच, त्यात कॉलेज गॅदरिंगचे बँड आले, मराठी कानडी हिंदी सगळी गाणी वाजवणारे ऑर्केस्ट्रावाले आले, शहापूर वडगावकडं घरात प्रॅक्टिस करणारे आले, खानापूर निपाणीहून क्लासला येणारे वेगळेच. घरचे पोटाला चिमटा काढून गिटार घेऊन देतात, मग पेडल (पायानं दाबून आवाज बदलायची डबी) घेतात, मग वर्षभरात दुसरी गिटार, आणि तरी पोरगं म्हणतंय की रेकॉर्डवर येतो तसला आवाज येत नाही. येणार कुठनं? आवाज शेवटी स्पीकरच्या ज्या कागदाच्या कोनातनं, म्हणजे शंकूतनं बाहेर पडतो त्याच्याकडं कुणी बघतच नाही. मिरजेच्या सतारमेकरला विचारा की भोपळा निवडताना तो किती चोखंदळ असतो, तार कितीबी भारी लावली तरी आवाज धरणार भोपळाच, इलेक्ट्रिक गिटारला स्पीकर तसा आहे, वाद्याचाच भाग आहे तो.

आणि घेताना बघतात काय तर वॅट. शंभरापेक्षा दोनशे भारी, दोनशेपेक्षा चारशे भारी. दुकानदारही तेच सांगतो, गिऱ्हाईकही तेच विचारतं.

वॅटचा आकडा म्हणजे तो स्पीकर जळायच्या आधी किती पॉवर सोसेल एवढंच, तो किती मोठ्यानं वाजेल हे त्यातनं कळत नाही. मोठ्यानं किती वाजेल ते सेन्सिटिव्हिटीवर असतं, म्हणजे एक वॅट दिला आणि एक मीटरवर मोजलं तर किती डेसिबल भरतंय तो आकडा, आणि हा आकडा कंपनी छापते पण आपल्याकडं कुणी वाचत नाही. अँपचे म्हणजे अँप्लिफायरचे वॅट डबल केले की फक्त ३ डेसिबल वाढतात, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल लागतात म्हणजे दहापट वॅट. आता ह्याचा हिशोब बघा की, सेलेस्टियन कंपनीचा जी१२टी-७५ हा स्पीकर ७५ वॅटचा आणि ९७ डेसिबलचा, त्याच कंपनीचा व्हिन्टेज ३० हा ६० वॅटचा आणि १०० डेसिबलचा. वॅट बघणारा पहिला उचलणार, पण ५० वॅटच्या अँपवर व्हिन्टेज ३० जेवढा वाजेल तेवढाच आवाज काढायला त्या ७५ वॅटवाल्याला १०० वॅटचा अँप लागेल. म्हणजे स्पीकर बदलून अँप डबल केल्यासारखा फरक पडतोय, आणि पोरं मात्र मोठा अँप घ्यायला कर्ज काढायलेत.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. स्पीकर उडाला की आपल्याकडं रिपेअरला देतात आणि तिथं बरेचदा डीजेचा नाहीतर पीएचा (सभा-कार्यक्रमाच्या साउंडचा) वूफर, म्हणजे बासचा स्पीकर बसवून मिळतो, कारण तोच हाताशी असतो आणि वॅटही जास्त लिहिलेले असतात, गिऱ्हाईक खूश. मागे खानापूरच्या बाजूचा एक मुलगा त्याचा कॉम्बो, म्हणजे अँप आणि स्पीकर एकाच बॉक्समध्ये असलेला, घेऊन आला, तक्रार अशी की डिस्टॉर्शन, म्हणजे रॉकचा तो फाटका आवाज, लावलं की आवाज दबतोय आणि घुमतोय, क्लीन म्हणजे साधं वाजवलं तर मेल्यासारखं. मागची फळी खोलली तर आत रबराच्या कडेचा जाड काळा वूफर, मॅग्नेटवर ४०० वॅटचं स्टिकर. गिटारच्या स्पीकरची कड बोटानं चाचपून बघा, ती बहुतेक कागदाचीच असते, बारीक चुण्या पाडलेली, आणि कोन इतका पातळ हलका की टिचकी मारली तर टणटण वाजतो. हा वूफर दाबला तर गादीसारखा आत जाऊन परत वर येत होता. तो खोल बास हलवायला केलेला, त्याचा कोन जड, त्याला गिटारचा तो चटकन येणारा पिकचा ठोका पकडताच येत नाही. स्पीकर खराब नव्हता, त्याची जागा चुकली होती.

ह्याच्या मागचं कारण थोडक्यात सांगतो. गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की ८२ हर्ट्झ, बारीक तारेवर बावीसावा पडदा दाबला तर साधारण ११७५ हर्ट्झ, बाकी वरचं सगळं हार्मोनिक्स, म्हणजे मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर. म्हणून गिटारचा स्पीकर साधारण ७५ हर्ट्झपासून ५००० हर्ट्झपर्यंतच काम करतो आणि त्याच्या वर झपकन खाली येतो. घरातल्या म्युझिक सिस्टीमच्या हिशोबानं हा दोष झाला, पण गिटारला हाच गुण आहे, कारण डिस्टॉर्शनमधनं जी वरची कर्कश चरचर तयार होते ती हा कागद गाळून टाकतो. तीच गिटार डिस्टॉर्शन पेडलमधनं सरळ मिक्सरला लावून डीजेच्या हॉर्नमधनं वाजवली तर ऐकणारे कान झाकतात, आणि मग लोक म्हणतात गिटार म्हणजे नुसता गोंगाट. गॅदरिंगला असं दरवर्षी होतंय. ज्यांच्याकडं कॅबिनेटचा आवाज आतच बनवणारं मल्टिइफेक्ट आहे त्यांनी मिक्सरला सरळ लावायला काही हरकत नाही, फक्त तेच मशीन गिटार कॅबिनेटला लावलं तर आतलं कॅब सिम्युलेशन बंद करायचं, नाहीतर दोनदा गाळलं जातं आणि आवाज घोंगडीखालनं आल्यासारखा.

आता स्पीकर स्पीकरमधला फरक, कारण खरी निवड इथं आहे. जगात बऱ्याच कंपन्या आहेत, इंग्लंडमधल्या इप्सविचची सेलेस्टियन, अमेरिकेत केंटकीमधली एमिनन्स, जुन्या फेंडर अँपमुळं माहीत असलेली जेन्सन. सेलेस्टियनचा ग्रीनबॅक म्हणजे जी१२एम, नुसता २५ वॅटचा, ९८ डेसिबल, ह्याचा बास जरा सैल, मधला आवाज भरदार, आणि जोरात वाजवलं की कोन स्वतःच थोडा फाटल्यासारखा गोड आवाज देतो, साठ-सत्तरच्या दशकातल्या रॉकचा आवाज पाहिजे तर हा. व्हिन्टेज ३० आला १९८६ ला, नावात ३० असलं तरी ६० वॅटचा, ह्याचा वरचा मिडरेंज, म्हणजे मधल्या आवाजाचा वरचा भाग, पुढं येतो आणि बँडमध्ये गिटार आरपार ऐकू येते, पण अँप आधीच तिखट असेल तर हा कानाला टोचतो, हे मी स्पष्ट सांगतो कारण सगळे डोळे झाकून हाच घ्या म्हणतात. जी१२टी-७५ मार्शल कंपनीच्या १९६० ह्या मॉडेल नंबरच्या चार स्पीकरच्या कॅबिनेटमध्ये असतो, बास घट्ट, वर चमक, पण मधला भाग मागं गेलेला, एकट्यानं खोलीत वाजवताना लई भारी वाटतो आणि कीबोर्ड, ढोलक, ऑक्टोपॅड सगळं सुरू झालं की गिटार गायब. आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांना मी म्हणूनच हा सुचवत नाही. ग्रीनबॅकचाच स्वभाव पण जास्त वॅट सोसणारा पाहिजे तर जी१२एम-६५ क्रीमबॅक आहे, ९७ डेसिबल, कॉलेजच्या बँडला माझ्या मते हा सगळ्यात समजूतदार सौदा. जेन्सनचा सी१२एन वेगळ्याच घराण्यातला, स्वच्छ, घंटेसारखा, चर्चमध्ये क्लीन कॉर्ड वाजवणाऱ्यांनी हा ऐकून बघावा. आणि सेलेस्टियनचाच अल्निको ह्या मिश्रधातूच्या मॅग्नेटचा ब्ल्यू, नुसता १५ वॅट पण १०० डेसिबल, व्हॉक्सच्या काही एसी३० अँपमध्ये हे दोन असतात, ऐकायला स्वर्ग आहे पण अल्निकोमध्ये कोबाल्ट असल्यामुळं महाग, बऱ्याच जणांच्या गिटारपेक्षा महाग पडेल, त्यामुळं त्याच्या मागं लागू नका.

दोन स्पीकरच्या बॉक्समध्ये दोन वेगळे लावायचीही पद्धत आहे, एक ग्रीनबॅक आणि एक व्हिन्टेज ३०, एकाची ऊब दुसऱ्याची धार. पण दोघांचा ओहम (विजेला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा) एकच पाहिजे, डेसिबल फार लांब नकोत नाहीतर एकच ऐकू येतो, आणि वॅट मोजताना लहान आकडा धरून त्याच्या दुप्पट, म्हणजे ह्या जोडीला २५ अधिक ६० असं ८५ नाही, ५० च.

ओहमचं तर सगळ्यांनी समजून घ्यायलाच पाहिजे कारण इथं अँप जळतात. आठ ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडले तर चार ओहम, सिरीज जोडले तर सोळा, चार स्पीकर सिरीज-पॅरलल केले की परत आठ. ट्रान्झिस्टरच्या अँपला मागं लिहिलेल्यापेक्षा कमी ओहम लावला तर तो तापून जातो, जास्त ओहम लावला तर नुसता आवाज कमी होतो, बाकी काही नाही. व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) अँप वेगळा, त्याला ओहम जुळवूनच लावायचा आणि स्पीकरची वायर काढून तो कधीही वाजवायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो आणि तो इथं बदलून मिळणं सोपं नाही. जुना स्पीकर घेताना मल्टिमीटर लावा, आठ ओहमचा असेल तर साडेसहाच्या आसपास दाखवतो, सोळाचा बारा-तेरा, आकडा कमी बघून घाबरू नका, मीटर डीसी मोजतो. मग दोन्ही हातांची बोटं कोनवर समोरासमोर ठेवून एकसारखं हलकं दाबायचं आणि कान जवळ न्यायचा, आत खर्र असं घासलेलं ऐकू आलं की कोनमागची तारेची कॉइल घासतेय, तो स्पीकर परत द्या, कितीही स्वस्त असला तरी. व्हॉल्व्हच्या अँपला स्पीकरचे वॅट अँपच्या दुप्पट धरलेले बरे, कारण पंधरा वॅटचा अँप फुल केला की पंधराच्या वर जातो.

तुलना कशी करायची ते सांगतो, कारण इथं पण फसगत होते. जो स्पीकर मोठ्यानं वाजतो तो आपल्याला चांगलाच वाटतो, हा माणसाच्या कानाचा स्वभाव आहे, म्हणून १०० डेसिबलवाला आणि ९७ वाला शेजारी ठेवून अँपचा नॉब तसाच ठेवला तर पहिलाच जिंकणार. आधी दोघांचा आवाज सारखा करा, मोबाईलवरच्या डेसिबल मीटरनं केला तरी चालेल, मग ऐका. अँप तोच, बॉक्स तोच, गिटार तीच, वाजवायचं पण तेच, आणि जमलं तर वाजवायला दुसऱ्या कुणाला तरी बसवून आपण पाठ करून ऐकायचं. बारा इंची स्पीकर वरचे सूर टॉर्चसारखे सरळ समोर फेकतो, बॉक्स जमिनीवर आणि आपण शेजारी उभे असलो तर धार सगळी पिंढऱ्यांना लागते आणि कानाला नुसतं गुबगुब येतं, मग पोरगं ट्रेबल वाढवतं आणि समोर पहिल्या रांगेत बसलेल्यांची डोकी उठतात. बॉक्स खुर्चीवर ठेवा नाहीतर मागं थोडा कलता करा आणि आठ-दहा फूट लांब जाऊन ऐका. नवा कोरा स्पीकर थोडा कडक असतो, काही तास वाजवल्यावर मोकळा होतो, त्यामुळं पहिल्या दिवशी ऐकून नावं ठेवू नका. आणि शेवटचा निकाल बँडसोबत वाजवूनच.

युट्यूबवर बघून ठरवणाऱ्यांना एक सांगणं. तिथं कॅबिनेटच्या जाळीला जवळजवळ चिकटून एक माईक लावलेला असतो, बहुतेक शुअरचा एसएम५७, तो कोनच्या मध्यावर धरला तर आवाज तिखट आणि इंच-दोन इंच कडेला सरकवला तर गोल मऊ. एवढ्याशा सरकवण्यानं पडणारा फरक दोन स्पीकरमधल्या फरकापेक्षा बरेचदा जास्त असतो, आणि तो आपण ऐकतो मोबाईलवर. त्यावर हजारोंचा निर्णय घेऊ नये. कुमार गंधर्वांचा जन्म १९२४ ला इथल्याच सुळेभावीचा, पं. रामभाऊ विजापुरेंनी ह्याच बेळगावात कितीजणांना हार्मोनियम शिकवली, तानपुरा अर्धा श्रुती हलला तरी मान वळवणारे श्रोते इथं आहेत. कान आपल्याकडं कमी नाहीत, ऐकायला समोर दोन स्पीकर मिळत नाहीत एवढंच, त्यासाठी पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जावं लागतं आणि ते सगळ्यांना कुठं परवडतंय.

बॉक्सचं मात्र बाहेर जायची गरज नाही. आपले सुतार अठरा मिलिमीटर प्लायवूडचा उत्तम कॅबिनेट करून देतील, त्यांना नीट मापं द्या, बारा इंची सेलेस्टियनसाठी भोक २८३ मिलिमीटर व्यासाचं लागतं, बारा इंच म्हणून बारा इंच कापलं तर स्क्रू धरायला लाकूडच उरत नाही आणि फळी वाया जाते. पार्टिकल बोर्ड स्वस्त पडतं पण खानापूर जांबोटीकडचा पावसाळा त्याला झेपत नाही, कडा फुगतात आणि स्क्रू धरत नाहीत. मागची बाजू बंद ठेवली तर बास घट्ट आणि आवाज सगळा समोर, उघडी ठेवली तर आवाज खोलीभर पसरतो आणि हलका हवेशीर वाटतो, घरात आणि चर्चमध्ये उघडा बरा, स्टेजवर हेवी वाजवणाऱ्यांना बंद. उद्यमबागेतल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन स्पीकर बसवणारे आहेत म्हणून मुद्दाम सांगतो, लेथच्या आसपास स्पीकर उघडा ठेवू नका, लोखंडाचा बारीक कीस मॅग्नेटकडं ओढला जातो आणि कॉइलच्या फटीत गेला की निघता निघत नाही. स्क्रू पिळताना कोनवर पुठ्ठा धरा, मॅग्नेट स्क्रूड्रायव्हर खेचतो आणि हात सटकला की कागदाला भोक. अँपपासून बॉक्सपर्यंत वायर जाड दोन तारांची स्पीकर वायरच लावायची, गिटारची शील्डवाली केबल तिथं चालत नाही, दोन्हीकडचा जॅक सारखाच असतो म्हणून लोक लावतात आणि व्हॉल्व्हच्या अँपला ते महागात पडू शकतं. पावसात बॉक्स भिंतीला चिकटून जमिनीवर नको, चार बोटं उंच ठेवा आणि कापडी कव्हर घाला, प्लॅस्टिक गुंडाळलं तर आतली ओल आतच राहून कोनला बुरशी धरते.

माझं म्हणणं तिघांना आहे. वाद्यांच्या दुकानदारांना विनंती की बिलावर स्पीकरचं नाव, ओहम, वॅट आणि डेसिबल चारही लिहून द्या, आणि दुकानात एक अँप आणि सारख्या बॉक्समध्ये दोन वेगळ्या स्वभावाचे स्पीकर ऐकायला ठेवा, सुरुवातीचा खर्च तुमचाच पण ऐकून घेतलेला माल परत येत नाही. रिपेअर करणाऱ्यांना विनंती की गिटारच्या बॉक्समध्ये गिटारचाच स्पीकर बसवा, नसेल तर तसं तोंडावर सांगा, मागवायला आठ-पंधरा दिवस लागले तर गिऱ्हाईक थांबेल, आणि मूळ स्पीकरची फ्रेम मॅग्नेट चांगले असतील तर रिकोन होतो का, म्हणजे त्यातच नवा कोन आणि कॉइल बसते का ते आधी बघा, पण त्यात कोन आणि कॉइल गिटारच्याच मापाची घाला. आणि मंडळांना, कॉलेजांना: साउंडवाल्याला ऑर्डर देताना गिटारसाठी एक कॅबिनेट आणि त्याच्यासमोर एक माईक एवढं लिहून घ्या, भाडं फार वाढत नाही. कॅबिनेटचा आवाज स्टेजपुरता आणि बाकी मिक्सरमधनं, म्हणजे साउंडवाल्याच्या हातात कंट्रोल राहतो आणि गायकाचा आवाज पण दबत नाही.

घरात वाजवणाऱ्या मुलांच्या पालकांनाही एक सांगावंसं वाटतं. गल्लीत भिंतीला भिंत लागून घरं, शेजारी कुणाची तरी दहावी बारावी असतेच. अशा ठिकाणी १०० वॅटचा अँप आणि १०० डेसिबलचा स्पीकर घेऊन नॉब एकवर ठेवायचा ह्याला अर्थ नाही, एवढ्या हळू आवाजात तो अँपही नीट बोलत नाही आणि स्पीकरही. पाच-दहा वॅटचा छोटा अँप आणि ९७ डेसिबलच्या आसपासचा एक दहा किंवा बारा इंची गिटार स्पीकर उघड्या बॉक्समध्ये घाला, पैसेही कमी लागतील आणि मुलाला खरा आवाज ऐकायला मिळेल. दुसरी गिटार घ्यायचा विचार चाललाच असेल तर आधी मुलाला घेऊन कुणाकडं तरी चांगला स्पीकर आहे तिथं जा आणि आहे तीच गिटार त्याच्यावर वाजवून बघा. तिथं आवाज आवडला तर दुसऱ्या गिटारचे पैसे स्पीकरला घाला.

आपला विश्वासू,
एक गिटारवाला वाचक, शहापूर, बेळगाव